स्वयंसेवकाचा मालक

'स्वयंसेवक' हा शब्द आपल्या कानांवरून इतक्यांदा गेला आहे की त्याची फोड करून पाहावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. स्वयं म्हणजे आपण होऊन. कोणी पाठवले नाही, कोणी नेमले नाही, पगार नाही, हुकूम नाही. आपल्याच मनाने उठून जो दुसऱ्याच्या उपयोगी पडायला जातो तो स्वयंसेवक. शब्द मोठा देखणा आहे. परंतु त्याच्या शेजारी आपल्या भाषेतला दुसरा, जुना शब्द ठेवला की थोडे थबकायला होते. तो शब्द म्हणजे 'सेवेकरी'. देवळात, मठात, दिंडीत सेवेकरी असतात. सेवा कोणाची हे आधी ठरलेले असते, मग सेवेकरी येतो. त्याने पाणी भरायचे की समया घासायच्या हे त्याला सांगितले जाते, आणि काम मनासारखे झाले नाही तर 'उद्यापासून येऊ नकोस' हेही सांगितले जाते. सेवेकऱ्याला मालक असतो. स्वयंसेवकाचा मालक कोण?

आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचे काम पटले नाही तर आपण त्यांना तसे सांगतो. आपले घर पटले नाही तर त्याही आपल्याला सांगतात, आणि हल्ली त्याच जास्त वेळा सांगतात. हे बरेच आहे. पण जो पदरचा वेळ आणि पैसा खर्चून, डोळ्यांत करुणा घेऊन दारात उभा राहिला आहे, त्याला 'बाबा रे, तुझी मदत नको' असे म्हणण्याचे धैर्य कोणाला होणार? फुकट काम करणाऱ्याला रजा देणे ही जगातली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

सेवेमागचा हेतू शुद्ध होता की नव्हता, नाव व्हावे असे मनात होते का, छायाचित्रे काढून घेतली का, याचा आपण फार काथ्याकूट करतो. मला त्याचे एवढे महत्त्व वाटत नाही. नाव व्हावे म्हणून कोणी विहिरीत उडी घेतली तरी बुडणारा वाचतोच. मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. ज्याची सेवा चालली आहे त्याला, सेवकाला रजा देता येते का?

पुण्यातला १८९७ सालचा प्लेग घ्या. प्लेग कमिटीचे प्रमुख वॉल्टर रँड यांचे गोरे सोजीर घरोघर शिरत. स्वयंपाकघर म्हणू नका, देवघर म्हणू नका, सगळीकडे त्यांची झडती चाले. बायामाणसांना बाहेर काढून तपासत, संशय आला की रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. पुढे २२ जूनच्या रात्री जे घडले ते शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या परिसरात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात नेत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घालून आणले असे सांगतात. त्या वेळी त्यांचे वय पासष्टीच्या पुढे होते. १० मार्च रोजी त्या प्लेगनेच गेल्या.

रँडची माणसे पगारी होती, स्वयंसेवक नव्हती, हे मान्य. पण रोग तोच, शहर तेच, आणि रोग्याला घरातून उचलून न्यायचे हे कामही तेच. रोग पसरू नये हा हेतूही वाईट म्हणता येत नाही. मग फरक कोठे पडला? मायेचा फरक होताच, पण तेवढाच नव्हे. सोजिराला पुणेकर 'नको' म्हणू शकत नव्हता, कारण सोजिराचा मालक पुणेकर नव्हता. तो दूर कोठेतरी सरकारी खुर्चीत बसला होता. मुंढव्याची एखादी आई मात्र सावित्रीबाईंना 'माझं लेकरू नेऊ नका' असे म्हणू शकली असती, आणि तसे ती म्हणाली असती तर बाई तिच्या उंबऱ्याशी बसून तिची समजूत घालीत राहिल्या असत्या. निदान मला तसे वाटते. १८४८ सालापासून, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, त्या लोकांतच वावरत होत्या.

हे जुने विचार पुन्हा उगाळण्याचे निमित्त गेल्या वर्षी घडले. माझ्या धाकट्या बहिणीची नात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला सुट्टीत परदेशी जाऊन सेवा करायची होती. कंबोडियातल्या एका अनाथालयात चार आठवडे. राहणे, जेवण, विमानतळावरून नेणे-आणणे, शेवटच्या दोन दिवसांत अंगकोरची देवळे आणि निघताना प्रशस्तिपत्र, असा सगळा बेत आखलेला होता. शुल्क तिच्या आईच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढे.

"मावशीआजी, तू आईला सांग ना, तुझं ती ऐकते," असे म्हणून तिने ते कागद माझ्यापुढे ठेवले.

"तिथं तू करणार काय?" मी विचारले.

"मुलांना इंग्रजी शिकवणार. त्यांच्याशी खेळणार. त्यांना प्रेम देणार."

"त्यांची भाषा येते तुला?"

"नाही. पण प्रेमाला भाषा कशाला लागते?"

एकोणिसाव्या वर्षी असेच बोलावे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या व्यवसायाची रीत तिला माहीत नव्हती. कंबोडियात यादवी आणि नरसंहार झाला तो १९७० च्या दशकात. त्यात पोरकी झालेली मुले केव्हाच मोठी होऊन संसाराला लागली. तरीही २००५ ते २०१० या पाच वर्षांत तेथली अनाथालये जवळजवळ पाऊणपटीने वाढली. युद्ध नाही, साथ नाही, मग अनाथ आले कोठून? तपास झाला तेव्हा दिसले की त्यांतल्या बहुसंख्य मुलांची आई किंवा बाप, कित्येकांचे दोघेही, हयात आहेत. नेपाळातही हेच. दूरच्या डोंगराळ जिल्ह्यांतल्या गरीब आईबापांकडे दलाल जायचा, 'काठमांडूत शाळेत घालतो' म्हणून मूल घेऊन यायचा, आणि काठमांडूत आल्यावर ते मूल कागदोपत्री अनाथ व्हायचे. अनाथालये दाट होती ती पर्यटक जातात त्या गावांत. जेथे गरिबी सर्वांत जास्त, तेथे ती नव्हती. २०१७-१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेत आधुनिक गुलामगिरीविरुद्धच्या कायद्याचा विचार चालला होता, तेव्हा या प्रकाराचीही त्यात दखल घेतली गेली.

येथे मालक कोण, हे विचारून पाहा. पैसे मोजतो तो मालक. म्हणजे स्वयंसेवक झाला मालक आणि मूल झाले सेवेकरी! पाहुणी आली की धावत जाऊन तिला मिठी मारायची, गाणे म्हणायचे, मांडीवर बसायचे, आणि चौथ्या आठवड्याच्या शेवटी ती गेली की डोळे पुसून पुढच्या पाहुणीला मिठी मारायची, ही त्या लेकराची चाकरी. अनोळखी माणसाच्या गळ्यात लगेच पडणारे मूल पाहून आपल्याला गहिवर येतो. बालसंगोपनाचा अभ्यास केलेली माणसे मात्र ते पाहून काळजीत पडतात. घरातले, आईच्या पदराआडचे मूल नव्या माणसाला पाहून आधी लपते, हे आपल्यापैकी कोणाला माहीत नाही?

कोणी म्हणेल, लहान मुलाला 'नको' म्हणता कसे येईल? तुमच्या कसोटीने मग मुलांची सेवाच करता येणार नाही. येईल. मुलाच्या वतीने 'नको' म्हणायला आई असते. आई नसेल तर आजी, मामा, शेजारी, गाव. अनाथालयाच्या या व्यापारात पहिली गोष्ट केली जाते ती म्हणजे या सगळ्यांना मुलापासून दूर केले जाते.

इव्हान इलिच यांनी २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोत क्वेर्नावाका येथे अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे एक भाषण केले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मेक्सिकन खेड्यांतल्या लोकांची सेवा करायला जाणारे ते विद्यार्थी. इलिच तेव्हा कॅथलिक धर्मगुरू होते, जीभ तिखट. त्यांच्या बोलण्याचा आशय असा की, पाहायला या, शिकायला या, डोंगर चढा, फुले पाहा, पण मदत करायला म्हणून येऊ नका. ज्यांची भाषासुद्धा तुम्हांला येत नाही ते तुमच्याविषयी काय बोलतात हे तुम्हांला कधी कळणारही नाही. हे भाषण मला आवडते आणि पुरेसे पटत नाही. आवडते, कारण अमेरिकेत वाढलेली आपलीच मराठी मुले महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात लिहायला काहीतरी हवे म्हणून महिनाभर आपल्या खेड्यांत येतात तेव्हा मला त्याची आठवण होते. पटत नाही, कारण इलिच यांनी जे दार लावून घ्यायला सांगितले त्याच दाराने सोलापूरचा एक तरुण आत गेला होता.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची गोष्ट शांतारामबापूंच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे घरोघर पोहोचली. पण चित्रपटात शौर्य दिसते, आणि मला महत्त्व वाटते ते त्याआधीच्या साध्या गोष्टींचे. चीनवर जपानचे आक्रमण चालू असताना सेनापती जू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. म्हणजे बोलावणे होते. काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टर पाठवले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. पाचांपैकी दोघे आपल्याकडचे, चोळकर नागपूरचे आणि कोटणीस सोलापूरचे. जे हवे होते ते कसब त्यांच्या हातांत होते. प्रेम द्यायला ते गेले नव्हते, जखमा शिवायला गेले होते. बाकीचे यथाकाल परतले. त्यांनीही चोख काम केले. कोटणीस राहिले. ते चिनी भाषा शिकले, रोग्यांशी आणि विद्यार्थ्यांशी त्याच भाषेत बोलू लागले. लष्कराची शिस्त त्यांना लागू होती, वरिष्ठ होते, कामाची झाडाझडती होती. १९४१ च्या आरंभी चिन्यांनी त्यांना नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुख नेमले. त्याच वर्षी त्यांनी तेथल्याच एका परिचारिकेशी लग्न केले. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले तेव्हा बत्तीस वर्षांचे होते आणि त्यांचा मुलगा काही महिन्यांचा होता. ज्या माणसांची सेवा ते करीत होते त्यांना 'आता तुम्ही परत जा' असे म्हणता आले असते, आणि कोटणिसांना ते शब्द समजलेही असते. भाषा शिकण्याचे खरे महत्त्व मला येथे वाटते. 'धन्यवाद' कोणत्याही भाषेत कळतो. 'नको' कळायला भाषा यावी लागते.

पण परदेशचे दाखले देऊन आपण घरी सुखाने बसावे असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसे नुकती झोपली होती तेव्हा, किल्लारीला भूकंप झाला. दहा हजारांच्या आसपास जीव गेले. त्यानंतर महाराष्ट्र ज्या तऱ्हेने धावला त्याचा अभिमान मला आजही आहे. कॉलेजच्या पोरांनी ढिगाऱ्यांतून प्रेते काढली. ते काम ज्याने केले त्याच्यासमोर नीतीच्या गप्पा मारू नयेत. पण पुण्यातल्या एका शाळेच्या सभागृहात आम्ही बायका आलेले कपडे निवडायला बसत होतो, ते ढीगही मी विसरलेले नाही. झिरझिरीत नायलॉनच्या साड्या, लग्नातले कोट, टाय, एकेकटे मोजे, उंच टाचांची एक चप्पल. नऊवारी लुगडी मात्र बोटांवर मोजण्याइतकी. मराठवाड्यातली म्हातारी नऊवारी नेसते, हे कोणाला माहीत नव्हते असे थोडेच आहे? माहीत होते. पण कपाट उघडताना डोळ्यांपुढे ती म्हातारी नव्हती, कपाट होते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही कपड्यांचे असेच ढीग रस्त्याकडेला पडले होते. अंशु गुप्ता यांच्या 'गूंज' संस्थेने मग ते गोळा करून, निवडून, उपयोगाचे करून घेतले.

किल्लारी परिसरात पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे पक्की, रस्ते रुंद, आखणी पाटीवर रेघा ओढल्यासारखी सरळ. जुन्या गावात भावकीची घरे एकमेकांच्या पाठीला पाठ लावून होती, जाडजूड भिंतींआडच्या अंगणात बाईला मोकळेपणाने वावरता येत होते, गुरे दारात होती. नव्या आखणीत हे कोठे बसवायचे? पुष्कळांनी नंतर आपल्या हातांनी घरापुढे भिंती घालून घेतल्या. ती भिंत म्हणजे, उशिरा का होईना, मालकाने उच्चारलेला शब्द होता.

आता पुढचे लिहावे की नाही, असे क्षणभर वाटले. सणाचे दिवस आहेत आणि हा अंक वाचणाऱ्यांच्या ताटात शेजारी चकली असेल. तरी लिहिते. आमच्या गावाजवळ मुलींचे एक वसतिगृह आहे. दूरच्या वाड्या-वस्त्यांवरच्या मुली तेथे राहून शिकतात. तेथल्या अधीक्षिकांना मी एकदा विचारले, दिवाळीला फराळ घेऊन येऊ का?

"आणा की," त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "खरं सांगू? दिवाळीत आमच्याकडे डबे ठेवायला जागा नसते. एका दिवसात तीन-तीन मंडळी येतात. मुलींनी तीनदा गाणं म्हणायचं, तीनदा फराळ खायचा, तीनदा रांगेत उभं राहायचं. आणि बाई, सुट्टी लागली की पोरींना घरी पळायचं असतं हो. पिशव्या भरून बसलेल्या असतात. पण फोन येतो, रविवारी आम्ही येतोय, मुलींना तेवढं थांबवून ठेवा."

"मग तुम्ही नाही का म्हणत नाही?"

"देणारी माणसं आहेत. यंदा नाही म्हटलं, तर पावसाळ्यात पत्रे बदलायला कोणाच्या दारात जाऊ?"

दिवाळीत आईकडे जायला निघालेली मुलगी, तिला दिवाळीची मजा देण्यासाठी थांबवून ठेवायची! देणारी माणसे दुष्ट नसतात. बहुतेक वेळा ती आपल्या मुलांना घेऊन आलेली असतात, मुलांवर संस्कार व्हावा म्हणून. म्हणूनच मला ही गोष्ट कंबोडियाहून फार वेगळी वाटत नाही.

तेव्हा उपऱ्याने कोठे जाऊच नये का? यावर मला नेहमी आनंदवनाची आठवण होते. त्याचा धागा जरा दूरवरून येतो. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल नावाचे एक स्विस अभियंते काही मित्रांना घेऊन फ्रान्समध्ये व्हर्दूंच्या रणभूमीजवळच्या एका उद्ध्वस्त गावात घरे बांधायला गेले. त्यांच्यात जर्मनही होते; कालचे शत्रू आज विटा वाहतील, ही कल्पना. काही महिने काम चालले. मग त्यांना सांगण्यात आले की जर्मन माणसे येथे नकोत. सेरेसोल आणि मंडळींनी वाद घातला नाही, जर्मन सोबत्यांना एकटे परतही धाडले नाही. सगळेच निघून गेले. ज्यांना रजा मिळाली आणि ज्यांनी ती घेतली असे स्वयंसेवक इतिहासात थोडे. त्यातूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संस्था वाढली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः तेथे येऊन गावे बांधायला राबले.

त्याच संस्थेचे परदेशी तरुण आनंदवनाच्या सुरुवातीच्या दिवसांत वरोऱ्याला आले. बाबा आमटे आणि कुष्ठरोगमुक्त माणसे तेव्हा उजाड जमिनीतून भाजी पिकवत होती, पण वरोऱ्याचे लोक ती भाजी, ते दूध घेत नसत. परदेशी तरुणांनी तेथे इमारती बांधल्या. इमारती काय, गवंड्यांनीही बांधल्या असत्या. पण ते तरुण तेथेच राहत होते आणि आनंदवनातली भाजी रोज खात होते. वरोऱ्याच्या लोकांनी ते पाहिले, त्यांची भीती ओसरू लागली, आणि ती भाजी बाजारात खपू लागली. जे गावच्या माणसाला करून दाखवता आले नसते ते उपऱ्याला येथे करता आले, तेही हातांनी नव्हे तर पंगतीला बसून. त्यांना काम सांगणारे, त्यांच्यावर देखरेख करणारे आणि त्यांना वाढणारे हात मात्र कुष्ठरोगाने झिजलेल्या बोटांचे होते.

माझ्या बहिणीची नात कंबोडियाला गेली नाही. यात माझ्या बोलण्याचा वाटा किती आणि तिच्या आईच्या हिशेबाचा किती, हे सांगणे कठीण आहे. त्या वसतिगृहात दहावीच्या मुलींना दर शनिवारी गणित शिकवायला कोणीतरी हवे होते. अधीक्षिकांची अट एकच: मध्येच सोडणार असाल तर आत्ताच सांगा. गेल्या कार्तिकापासून ती तेथे जाऊ लागली. पोरीचे सगळे शिक्षण इंग्रजी शाळेत झालेले. पहिल्या शनिवारी लसावि आणि मसावि म्हणजे काय हे मुलींनीच तिला शिकवले आणि पोट धरून हसल्या. फळ्यावरची तिची मराठी त्या अजूनही दुरुस्त करतात असे ती सांगे. मार्चमध्ये परीक्षा झाली, जूनमध्ये नवी तुकडी आली, तिचे शनिवार चालूच राहिले.

आषाढात एके रात्री तिचा फोन आला. "मावशीआजी, मला काढून टाकलं!" वसतिगृहाला गणिताच्या पगारी शिक्षिका मिळाल्या होत्या. मुलींच्या गावाकडच्याच, बी.एड. झालेल्या. अधीक्षिकांनी तिला चहा दिला आणि उद्यापासून येण्याची गरज नाही असे सरळ सांगितले. तिच्या आवाजात रडू होते.

"दुसरं काही काम आहे का, विचारलंस?"

"विचारलं. म्हणाल्या, सध्या नाही, असेल तेव्हा कळवीन."

श्रावण गेला, भाद्रपद गेला; अजून कळवलेले नाही. मैत्रिणी शनिवारी सिनेमाला बोलावतात तर ती नाही म्हणते. शनिवार तिने मोकळा ठेवला आहे.